शशिकांतरावांची शांत नाडी

शनिवारी सकाळी संगमावरच्या बागेत शशिकांत डुबलांना शाल पांघरण्यात आली, कारण त्यांची नाडी बेचाळीस भरली.

कराडच्या प्रभात प्राणायाम मंडळात शनिवार हा नाडीवार. आठवडाभर सगळ्यांनी नाकपुड्या दाबून श्वास आत-बाहेर करायचा, आणि शनिवारी अध्यक्ष कापसेअण्णांनी एकेकाचं मनगट हातात घेऊन, घड्याळाकडे बघत मोजायचं आणि आकडा माइकवरून जाहीर करायचा. ज्याची नाडी सगळ्यांत सावकाश त्याची साधना सगळ्यांत पुढे, असं मंडळात मानलं जाई. हे कुणी ठरवलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. पण साठी ओलांडली तरी माणसाची स्पर्धेची हौस फिटत नाही, आणि गुडघे कुरकुरत असले तर ही स्पर्धा बसल्या जागी खेळता येते.

गेले आठ-दहा महिने शशिकांतराव या स्पर्धेत कुणाला जवळ येऊ देत नव्हते. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला, चारचौघांत कधी तोंड न उघडणारा हा माणूस आता शाल सावरत माइकसमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "डोळे मिटून बसलो की एक क्षण येतो. श्वास नाही, आवाज नाही, मी पण नाही. नुसतं पांढरं शून्य. तिथून परत येताना वाईट वाटतं."

दोन बायकांनी हात जोडले. कापसेअण्णांनी तर डोळे पुसले.

मागच्या रांगेत उज्ज्वला डुबल गाडीची किल्ली बोटात फिरवत बसली होती. तिच्या मनात आलं, परत येताना एवढं वाईट वाटतं तर घरचे पोहे दोनदा मागून कोण खातं? पण तिलाही बरं वाटत होतं, नाही कशाला म्हणायचं. या माणसाकडे लोक घाबरून नव्हे तर आदराने बघताहेत, हे दृश्य तिला संसारात फार उशिरा बघायला मिळालं होतं.

शशिकांतरावांना कॉलेजात असल्यापासून फिट येत असे. लग्नाआधी त्यांनी स्वतः उज्ज्वलाला ते सांगितलं होतं, आणि तिने "बरं" म्हणून विषय संपवला होता. मग प्रत्यक्ष बघितलं. मान डावीकडे वळायची, चेहरा जांभळा पडायचा, दात आवळले जायचे. भोवती जमलेल्यांपैकी एखादा शहाणा हमखास कांदा किंवा चप्पल घेऊन नाकाशी यायचा आणि उज्ज्वला त्याला हाकलून लावायची. नंतर तासभर ते खुळ्यासारखे बसून राहायचे. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, पुन्हा पुन्हा विचारायचे. गोळ्या होत्या, बदलल्या, वाढवल्या. गोळ्यांनी झोप यायची, हात थरथरायचे, आणि तरीही फिट यायचीच. जिना उतरताना, नदीकाठी, लग्नाच्या पंगतीत, कुठेही हा माणूस भिंतीला धरून उभा असायचा. स्वतःच्या डोक्याची त्यांना कायम भीती असायची.

मग राखणदार आला.

राखणदार म्हणजे कानामागे कातडीखाली बसवलेली एक चकती आणि छातीच्या वरच्या अंगाला औषधाची एक चपटी पिशवी. चकतीच्या केसाएवढ्या तारा मेंदूतली वीज सतत ऐकत राहतात. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या ठिणग्यांनी बोलतात. त्या ठिणगीसाठी पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. ती उघडली की सोडियम आत घुसतो आणि ठिणगी पडते. एरवी प्रत्येक पेशी आपापल्या वेळी बोलते. फिट येते तेव्हा लाखो पेशी एकाच वेळी ओरडायला लागतात. राखणदाराला त्या ओरड्याची पहिली चाहूल लागली की पिशवीतून औषधाचा थेंब रक्तात जाई आणि ते औषध दारं अर्धी लोटून घेई. गोंगाट वाढायच्या आतच बसे.

यंत्र शहाणं होतं, आणि ज्यांनी ते केलं ते त्याहून शहाणे. केवळ विजेवरून यंत्राची कधी कधी फसगत होते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मध्ये एक माणूस ठेवला. घरातल्या एकाने साक्षीदार व्हायचं. काही गडबड झाली की साक्षीदाराच्या फोनवर प्रश्न उमटे, 'फिट होती का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'. हो म्हटलं की राखणदार समजे, आपलं औषध कमी पडलं, आणि रोजची मात्रा थोडी वर नेई. नाही म्हटलं की खाली आणी. ज्याने जन्मभर जवळून बघितलं त्याच्याइतकं खरं कोण सांगणार, असा त्यांचा विचार होता.

साक्षीदार अर्थात उज्ज्वला. तिच्याइतकी तत्पर साक्षीदार त्या कंपनीला राज्यात मिळाली नसती. तिची मोटार ट्रेनिंग स्कूल होती. हायवेवर चालकाविना गाड्या सुळसुळत धावू लागल्या तरी तिचा धंदा बसला नाही, कारण त्या शहाण्या गाड्या मंगळवार पेठेत म्हैस आडवी आली की तिथेच उभ्या राहून सभ्यपणे वाट बघत बसत आणि मागे रांग लागे. कराडात गाडी हाकायला हात-पाय लागतातच. आणि शिकवणीच्या गाडीत डावीकडे बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून जिने निम्मं आयुष्य काढलं, तिला विचार करत बसायची सवय नसते. दिसलं की दाबायचं.

राखणदार बसल्यावर दोन वर्षं एकही फिट आली नाही. त्या दोन वर्षांत तिने नवऱ्याला सत्तावन्नाव्या वर्षी गाडी शिकवली. संगमावर ते एकटे फिरायला जाऊ लागले. प्राणायाम सुरू झाला तो तेव्हाच.

मग गेल्या वर्षी पुन्हा सुरू झालं. पण यावेळची फिट वेगळी होती. जेवता जेवता घास हातातून पडायचा, डोळे वर जायचे, शशिकांतराव एका अंगावर कलायचे, हातपायांना चार-दोन झटके, आणि संपलं. चेहरा जांभळा नाही, उलट खडूसारखा पांढरा. मिनिटभरात उठून बसायचे आणि "काय झालं?" असं विचारून, ताटातलं पुढे जेवायला लागायचे. वार विचारणं नाही, खुळेपण नाही.

उज्ज्वलाने याचा अर्थ आपल्या परीने लावला. यंत्रामुळे फिट सौम्य झाली. पूर्ण जात नाही, पण सुधारली तरी. फोनवर प्रश्न उमटे आणि ती कणकेच्या हाताने का होईना, हो दाबे. मात्रा वाढायची. काही आठवडे बरे जायचे, मग पुन्हा एक. पुन्हा हो.

त्याच काळात नाडी साठवरून पन्नासवर आणि पन्नासवरून बेचाळीसवर आली होती. पण ती प्राणायामाची कमाई होती ना. कापसेअण्णांनी माइकवरून तसं जाहीरच केलं होतं.

शाल पांघरली गेली त्याच्या नंतरच्या मंगळवारची गोष्ट.

उज्ज्वलाच्या गाडीत त्या दिवशी डॉक्टर रुक्साना मोमीन शिकायला होत्या. वय तिशीच्या आत-बाहेर, भूल देणाऱ्या डॉक्टर. शिक्षण मुंबईत झालेलं आणि तिथे नेहमी चालकाविना गाडीत मागे बसून वाचत जायची सवय. इथल्या इस्पितळात नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात म्हशीने धडा शिकवला आणि त्या उज्ज्वलाकडे आल्या. हुशार मुलगी, पण क्लचवरचा पाय काढायला फार घाबरायची.

"काकू, मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला की माझे हातपाय गळतात," ती म्हणाली.

"वाजवू दे की. त्याच्या हॉर्नला पैसे पडत न्हाईत. तू समोर बघ."

मागच्या सीटवर शशिकांतराव बसले होते. त्यांना कृष्णा पुलापाशी सोडायचं होतं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, ते आपल्या तंद्रीत होते. गाडी मार्केट यार्डाच्या पुढे आली असेल नसेल, तोच मागे धप्प आवाज झाला. उज्ज्वलाने आरशात बघितलं. शशिकांतराव दाराच्या बाजूला कलंडले होते आणि त्यांचा पाय पुढच्या सीटवर आपटत होता.

तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. "घाबरू नको," ती रुक्सानाला म्हणाली, "फिट आहे. बारकी असते. होईल आता नीट."

रुक्साना घाबरली नव्हती. क्लचला घाबरणारी ती पोर सीटबेल्ट सोडून अर्धी मागे वळली होती आणि तिची दोन बोटं शशिकांतरावांच्या मनगटावर होती. मग तीच बोटं मानेवर गेली. उज्ज्वलाच्या हातात फोन वाजला. 'फिट होती का?'

"काकू, दाबू नका."

उज्ज्वलाचं हो दाबून झालं होतं.

"नाडी नाहीये," रुक्साना म्हणाली. पुढचं उज्ज्वलाला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. रुक्साना दार उघडून धावत मागे आली, शशिकांतरावांना बाहेर ओढून रस्त्यावर आडवं पाडून त्यांच्या छातीवर दोन्ही तळहात ठेवून दाबू लागली. ती तोंडाने मोजत होती. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. उज्ज्वला रस्त्यात उभी होती, हातात फोन, आणि फोनवर हिरव्या अक्षरांत उमटलं होतं, 'आभारी आहोत. मात्रा वाढवली आहे.'

शशिकांतरावांनी डोळे उघडले. आभाळाकडे, मग रुक्सानाकडे बघितलं.

"किती शांत होतं," ते म्हणाले.

इस्पितळात त्यांच्या छातीला तारा लावल्या आणि पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली. रुक्सानाने उज्ज्वलाला खुर्चीवर बसवलं, आधी पाणी दिलं, मग रेघ दाखवली.

"हे बघा काकू. हृदयाला वर दोन कप्पे, खाली दोन. ठोक्याचा निरोप वरून निघतो आणि खाली जातो, मग खालचे कप्पे रक्त ढकलतात. निरोप म्हणजे वीजच. मेंदूत जशी दारं असतात ना सोडियमची, तशीच हृदयात पण असतात. राखणदाराचं औषध डोक्यातली दारं लोटतं, तसं हृदयातली पण लोटतं. फिटवरच्या जुन्या गोळ्यांतल्या काहींचाही हा दोष होताच, म्हणून त्या देताना हृदयाची पट्टी काढायचे. काकांची पण काढली असेल सुरुवातीला."

"काढली होती. चांगली होती."

"तेव्हा मात्रा कमी होती." रुक्सानाने रेघेवर एका जागी बोट ठेवलं. तिथे ठोक्याचा उंचवटा नव्हता, नुसती सपाट वाट. "मात्रा वाढली की निरोप वाटेतच अडकतो. खालचा कप्पा वाट बघत बसतो. तेवढा वेळ मेंदूला रक्त नाही. रक्त तुटलं की मेंदू तडफडतो, हातपाय झटके देतात. बाहेरून बघणाऱ्याला ती फिटच वाटते. राखणदाराला सुद्धा फरक कळत नाही, तो फक्त डोकं ऐकतो. म्हणून तो तुम्हाला विचारतो."

उज्ज्वला ऐकत होती. शब्द कळत होते. त्यांचा अर्थ तिच्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागला आणि पोचला तेव्हा तिने खुर्चीचा हात घट्ट धरला.

औषधाने हृदय थांबत होतं. हृदय थांबलं की झटके येत होते. झटके दिसले की ती हो दाबत होती, आणि हो दाबलं की औषध वाढत होतं.

"मी," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला बोलता येईना. इतक्या वर्षांत एकाही शिकाऊ माणसाच्या हातून तिने कुणाला धक्का लागू दिला नव्हता. आणि घरात, स्वतःच्या माणसावर, तिने परत परत पाय दाबला होता. तोही ब्रेक समजून. तिला भडभडून आलं, आणि इतक्या लोकांत रडायची सवय नसल्याने ती रिकामा ग्लास हातात फिरवत बसली.

"तुमची चूक नाही," रुक्साना म्हणाली. "चेहरा पांढरा पडतो की जांभळा, नंतर भान लगेच येतं की नाही, हे बघायला तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मनगट धरायला पण नाही."

"मनगट दर शनिवारी धरत होते की," उज्ज्वला म्हणाली. "शाल दिली त्याबद्दल."

उपाय अवघड नव्हता. राखणदार बंद करायचा आणि हृदयाच्या वाटेला न जाणाऱ्या दुसऱ्या गोळ्या सुरू करायच्या. औषध उतरेपर्यंत हृदयात ठोका देणारी एक तात्पुरती तार घालायची आणि जपून राहायचं. फिट कदाचित पुन्हा येऊ लागेल, गाडी चालवणं सुटेल. पण माणूस जगेल. पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनीही फोनवर तेच सांगितलं. फक्त पेशंटची संमती पाहिजे.

शशिकांतरावांनी संमती दिली नाही.

"गोळ्या द्या हव्या तेवढ्या," ते उशीला टेकून बसत शांतपणे म्हणाले. "यंत्राला हात लावायचा नाही. ती हृदयातली तार-बीर पण नको."

"अहो, तुम्हाला कळलं का ती काय म्हणाली?"

"कळलं. मी केमिस्ट होतो, उज्ज्वला. सोडियम मला नवीन नाही."

"मग?"

"कॉलेजपासून मी माझ्या डोक्याला भिऊन जगलोय. रात्री झोपताना भीती, उठताना भीती. आता पहिल्यांदा आत कुठेतरी शांत जागा सापडलीय. ती औषधाने सापडली का प्राणायामाने, मला काय करायचंय?"

"ती जागा नाही हो. तुमचं हृदय थांबतंय."

"थांबून पुन्हा चालू होतं ना?"

उज्ज्वला त्यांच्याकडे बघत राहिली. हा माणूस चेष्टा करत नव्हता. मार्केट यार्डाच्या रस्त्यावर छाती दाबून त्याला परत आणावं लागलं होतं, आणि तो विचारत होता, चालू होतं ना. इतका मोठा धक्का तिला रस्त्यावर सुद्धा बसला नव्हता.

"आणि एक दिवस नाही झालं तर?"

"तर मी तिथेच असेन," ते म्हणाले, आणि असं हसले की तिला वाटलं आपण त्यांच्या गावच्या कुणी नाहीच.

"आणि मी कुठे असेन?"

शशिकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी कापसेअण्णा मंडळाच्या वतीने फळं घेऊन आले. बाहेरच्या बाकावर उज्ज्वलाने त्यांना सगळं सांगितलं. अण्णा गंभीरपणे मान हलवत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, शास्त्र त्याच्या जागी बरोबरच हाय. पण अनुभव तर खरा ना साहेबांचा? म्हंजे त्यातलं मला न्हाई कळत. पण मंडळातले दोघं-तिघं विचारत होते, फिट नसताना राखणदार बसवून मिळतो का म्हणून."

उज्ज्वला उठून उभी राहिली. "अण्णा," ती म्हणाली, "तुम्ही घरी जावा. आत्ताच्या आत्ता जावा, न्हाईतर माझ्या तोंडातून वंगाळ निघंल."

अण्णा गेले. रुक्साना दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं.

"काकू," ती म्हणाली, "यंत्र बंद करायला काकांची सही लागते. पण यंत्र कसं चालतं ते सांगते. प्रत्येक नाहीला मात्रा खाली येते. आणि लागोपाठ तीनदा 'नाही' आलं, मध्ये एकही हो न येता, तर ते स्वतःवरच संशय घेतं आणि झोपी जातं. मग तपासल्याशिवाय कुणालाही जागं करता येत नाही. पण मध्ये एक जरी हो गेलं, तर मागचं पुसलं जातं आणि मात्रा परत पहिल्या जागी."

"म्हणजे मी..."

"मी तुम्हाला काही करायला सांगितलेलं नाही," रुक्साना म्हणाली आणि वॉर्डात गेली.

पहिलं 'नाही' सोपं गेलं. जेवण झाल्यावर शशिकांतराव डोळे मिटून पडले होते, पडद्यावरची रेघ एकाएकी सपाट झाली आणि पलंगाशेजारचं यंत्र किंचाळू लागलं. नर्स धावली. उज्ज्वला त्यांचं मनगट धरूनच बसली होती. बोटांखाली काहीच नाही, नुसतं कातडं. तिला तो वेळ जन्माएवढा लांब वाटला. मग एक ठोका आला, मग दुसरा. फोनवर प्रश्न उमटला. चेहरा पांढरा होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' दाबलं.

दुसरं संध्याकाळी. यावेळी शशिकांतराव लवकर भानावर आले आणि त्यांनी तिच्या हातातला फोन बघितला. त्यांच्या लक्षात सगळं आलं. बुद्धी तल्लखच होती त्यांची.

"हो दाब, उज्ज्वला."

"ही फिट नव्हती."

"मला ठाऊक आहे. तरी हो दाब."

तिने फोन मागे घेतला.

"तू माझी साक्षीदार आहेस," ते म्हणाले, "मालकीण नाहीस."

हे तिला लागलं. लागलं म्हणजे, बोलणं खरं होतं म्हणून फार लागलं. माणसाला स्वतःच्या मरणावर हक्क असतो की नाही हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि वाद घालायला ती कॉलेजात गेली नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की त्या पांढऱ्या जागेत आपल्याला बसायला पाट नाही. ती स्वार्थी होती त्या क्षणी, आणि तिने ते कबूलही केलं असतं. त्यांच्या डोळ्यांत बघत तिने 'नाही' दाबलं.

शशिकांतरावांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. चहा दिला तो घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावरचा आकडा बावन्न दाखवत होता. रात्रभरात औषध उतरलं होतं. रेघ बरीच एकसारखी चालली होती. रुक्साना येऊन बघून गेली आणि जाताना तिने उज्ज्वलाच्या खांद्यावर हात ठेवला. आता एकच 'नाही' उरलं होतं.

शशिकांतराव उठून बसले होते. नर्सने दिलेला कप त्यांनी तोंडाला लावला, आणि मध्येच थांबले. मान हळूहळू डावीकडे वळू लागली.

उज्ज्वलाने ती मान ओळखली.

कप खाली पडून फुटला. दात आवळले गेले, चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला आणि सगळं शरीर कडक होऊन पलंग हादरू लागला. ही बारकी नव्हती. ही तीच, जुनी, पंगतीतली आणि जिन्यातली, जिच्या भीतीने दोघांनी तारुण्य घालवलं ती. उज्ज्वलाने त्यांना कुशीवर वळवलं, तोंडाशी हात धरला आणि दुसऱ्या हाताने मनगट चाचपलं. नाडी होती. नुसती होती नव्हे, बोटांना ढुसण्या देत होती. आणि तिला कळेना आपल्याला काय होतंय, कारण नवऱ्याला फिट आलेली असताना तिला आनंदाने रडू कोसळलं होतं.

रुक्साना इंजेक्शन घेऊन आली. हळूहळू पलंग शांत झाला. शशिकांतराव घोरल्यासारखा श्वास घेऊ लागले.

फोन वाजला. 'फिट होती का?'

यावेळी ती होती. कुठल्याही संशयाशिवाय होती. खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं तर आधीची दोन्ही 'नाही' पुसली जाणार होती, पिशवी पुन्हा सैल होणार होती आणि रेघ पुन्हा सपाट. रुक्सानाने फोनकडे बघितलं आणि मग मुद्दाम खिडकीकडे तोंड केलं.

इतके दिवस उज्ज्वलाने मनापासून खरं समजून खोटी साक्ष दिली होती. आता तिला जाणूनबुजून द्यायची होती. तिचा अंगठा एरवी कधी अडला नव्हता, तो अडला. फिटने जे काय मेंदूचं व्हायचं ते होईल, पुढच्या महिन्यात होईल, जिन्यात होईल, ती पुन्हा कांदेवाल्यांना हाकलत बसेल. तिने 'नाही' दाबलं.

फोनच्या पडद्यावर अक्षरं आली. 'उत्तरांत विसंगती आढळली. राखणदार विश्रांती घेत आहे.' मग पडदा काळा झाला.

तासभर शशिकांतराव खुळ्यासारखे बसून होते. आज वार कोणता, त्यांनी विचारलं. बुधवार, तिने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं. मग हळूहळू नजर स्थिर झाली. त्यांनी फुटलेल्या कपाकडे, तिच्याकडे आणि तिच्या मांडीवरच्या फोनकडे बघितलं.

"फिट आली होती," ते म्हणाले.

"हो."

"खरी?"

"खरी. मोठी."

"काय दाबलंस?"

"नाही."

त्यांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा पडला, लहान मुलाचा पडतो तसा, आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ ते आत काहीतरी शोधत असावेत. "नाहीये," ते शेवटी म्हणाले. "नुसता धाड धाड आवाज येतोय." आणि डोळे न उघडताच, "मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नका बोलू," उज्ज्वला म्हणाली. "हात इकडं द्या."

त्यांनी हात दिला नाही. तो पांघरुणाखाली ओढून घेतला. तिने खुर्ची पुढे सरकवली, पांघरुणात हात घातला आणि त्यांचं मनगट बाहेर काढून आपल्या मांडीवर धरलं. त्यांनी एकदा हिसका दिला, मग दिला नाही.